मेमरीतली स्थळं

१८ जुलै ९३, रविवार
भाचा परशुराम त्याच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर देऊन गेला. हे गेल्यापासून माझ्या दाराशी माणसं येतात ती लग्नाच्या स्थळांच्या वहीसाठी. आता पलीकडच्या गल्लीत विमलाबाईनेही वही काढलीय. काढू दे. माझ्याकडे मशीन आहे.

२१ जुलै
डिस्क रडतखडत नाव शोधते. परशुराम म्हणाला, मावशी, सगळी यादी मेमरीत ठेवू, झटकन मिळेल. फक्त मशीन बंद करायच्या आधी डिस्कवर उतरवायची. म्हटलं, चौथी झालेय, एवढं कळतं.

२८ जुलै
एकशेऐंशी स्थळं टाकली. बटण दाबलं की नाव हजर! शेजारच्या सीतारामच्या शकूला एकोणतिसावं लागलंय. तिच्यासाठी डोंबिवलीचा झकास मुलगा निघाला. सीतारामला म्हटलं, पत्ता पुनवेनंतर. तोवर मार जरा फेऱ्या.

३० जुलै
परशुरामने विचारलं, रोज उतरवतेस ना? हो म्हटलं. खोटं कुठे? बंद करायच्या आधी उतरवायची, आणि मी बंदच करत नाही. रुमाल टाकून ठेवते.

२ ऑगस्ट, नारळी पुनव
जुनी वही हळदकुंकू लागलेली, रद्दीत कशी द्यायची? नारळासोबत खाडीत सोडली. विमलाबाई बघत होती. मुद्दाम हळू सोडली.

५ ऑगस्ट, दुपार
दहा मिनिटं लाइट गेली.
स्थळं: शून्य.
परशुराम म्हणतो, मेमरी लाइटवरच जगते. मग हे आधी नको सांगायला?

६ ऑगस्ट
माझं डोकं काही लाइटवर चालत नाही. आठवून नवी वही लिहिणार.

१० ऑगस्ट
एक्केचाळीस आठवली. दात पुढे. आई कजाग. नाकातून हसतो. जेवताना मचमच. नाव-पत्ते तेवढे राहिलेत. येतील.

१२ ऑगस्ट
सीताराम आला. सांगितलं, मुलगा चालताना खांदा पाडतो, आईला सोड्याचं कालवण जमत नाही, घर पिठाच्या गिरणीवर. म्हणाला, डोंबिवलीत गिरण्या किती? मग हातच जोडले.
"भागीरथीबाय, खोड्या राहू दे. नाव तरी सांग."
उद्या सांगते म्हटलं.

२२ ऑगस्ट, रविवार
शकूचं जमलं. कल्याणचा मुलगा, विमलाबाईच्या वहीतला. पेढे द्यायला विमलाबाईच आली. दहा दिवसांत माझ्या दाराशी आलेलं पहिलं माणूस. म्हणाली, रविवारी फार गर्दी होते गो, चहा करायला कुणी नाही.
मला वेळ कुठे आहे, म्हटलं. बघते.
पुढच्या रविवारी आठला जायचंय.