४१३ नंबरचा सोबती

३ ऑगस्ट, सकाळी ९.१०
नवी वही. आजपासून रोज लिहिणार. रोज म्हणजे रोज.

नव्या विद्यार्थ्यांना मी दर वर्षी सांगतो की दिवसातली दहा मिनिटं स्वतःसाठी लिहा. मार्गदर्शन विभागाचा समन्वयक म्हणून ते सांगणं माझं कामच आहे. मी स्वतः कधी लिहिलं नाही, ही गोष्ट वेगळी. कुणी विचारलंही नाही.

ओरिएंटेशन अकराला. यंदा माझी स्वतःची कल्पना: सोबती योजना. प्रत्येक नव्या मुलाला एक सीनियर सोबती. दर बुधवारी कँटीनमध्ये अर्धा तास भेट. या विद्यापीठात कुणीही एकटं पडता कामा नये. उपकुलसचिवांनी मान डोलावली, म्हणजे प्रचंड आवडली असणार.

ही अजून मुलीकडेच. बाळंतपणाला म्हणून गेली आहे. बाळ आता चालायला लागलंय. हल्ली बाळंतपणं लांबतात.

५ ऑगस्ट
कालचं राहिलं. कामाचा डोंगर.

घरी मस्त शांतता आहे. विचार करायला मोकळीक मिळते. मी हॉलमध्ये बसतो आणि रेडिओ आतल्या खोलीत लावतो. आवाज आतून आला की जास्त स्पष्ट ऐकू येतो.

७ ऑगस्ट, दुपार
जोड्या लावून झाल्या. नवे ४१३, सोबती ४१२. एक मुलगी उरली.

आमच्या क्लार्कबाई म्हणाल्या, एखाद्या सीनियरला दोन द्या आणि मोकळे व्हा. मी म्हटलं, तत्त्व म्हणजे तत्त्व, एकास एक. तिचा सोबती मीच होणार. बाई चष्म्यावरून बराच वेळ बघत राहिल्या. मग बरं म्हणाल्या.

नंबर ४१३. समाजकार्य विभाग, पहिलं वर्ष. बिचारी. घर सोडून आली असेल.

११ ऑगस्ट
ओरिएंटेशन दणक्यात पार पडलं. किरकोळ गोष्टी सोडल्या तर. नकाशात लायब्ररी आणि बॉयलर रूम यांची अदलाबदल झाली होती. नकाशा मी स्वतः तपासला होता, त्यामुळे चूक छापणाऱ्याची. चाळीसेक मुलं बॉयलर रूममध्ये जाऊन बसली. तिथे त्यांच्या चांगल्या ओळखी झाल्या म्हणे. ओरिएंटेशनचा उद्देश तरी दुसरा काय असतो?

माझं भाषण पस्तीस मिनिटं. विषय, एकटेपणा कसा ओळखावा. लक्षणं सांगितली: काम नसताना ऑफिसात बसून राहणं, जेवताना फोनमध्ये डोकं घालणं, समोर माणूस सापडला की त्याला सोडायचं नाव न घेणं. एकही मूल जागचं हललं नाही. दारं बाहेरून लावली होती हे मला नंतर कळलं.

कार्यक्रम संपल्यावर हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या मी एकट्यानं रचल्या. शिपाई म्हणत होता, राहू द्या साहेब, उद्या बघू. पण मला घाई नव्हती.

१९ ऑगस्ट, बुधवार
४१३ ची पहिली भेट. पाच मिनिटं आधीच येऊन बसली होती. मी चौदा मुद्दे काढून नेले होते. सुरुवातीला ती काहीतरी सांगत होती आणि एका कागदावर माझी सही हवी होती. हजेरीचा असेल. मी बोलता बोलता सही ठोकली.

मग तिनं विचारलं, सर, जेवलात का? पोरीला घरची आठवण येत असणार. मुलं आपलं दुःख असं आडून सांगतात. मी तिला धीर यावा म्हणून माझ्या दुपारच्या जेवणाबद्दल सविस्तर सांगितलं. एक माणूस, एक पातेलं, दोन दिवस. ती वहीत लिहून घेत होती. इतकी गुणी मुलगी गेल्या दहा वर्षांत पाहिली नाही.

चौदापैकी एकही मुद्दा झाला नाही. पुढच्या वेळी.

२६ ऑगस्ट
आज तिला बोलतं करायचं ठरवलं होतं. चाळीस मिनिटं मीच बोललो. तिनं घरी कोण कोण असतं असं विचारलं, म्हणून सगळं सांगावं लागलं. ही, मुलगी, नात, आणि फोनवरून मला वॉशिंग मशीन कसं लावायचं ते तीन वेळा समजावणारा जावई.

स्वतःबद्दल ती दोनच वाक्यं बोलली. जरा मितभाषी आहे. हळूहळू खुलेल. आपल्याकडे संयम हवा.

९ सप्टेंबर
क्लार्कबाईंनी योजनेचा आढावा दिला. ४१३ जोड्यांपैकी अजून भेटणाऱ्या एकोणीस. बाकीच्यांना आपापल्या वर्गात मित्र मिळाले. म्हणजे योजना इतकी यशस्वी झाली की तिची गरजच उरली नाही. हे वाक्य मी अहवालात घालणार आहे.

सर्वांत नियमित जोडी आमची. बाईंना हे आवर्जून सांगितलं. त्या म्हणाल्या, ते दिसतंयच.

१६ सप्टेंबर
आज तिनं झोप कशी लागते ते विचारलं. एक ते दहा आकड्यांत सांगा म्हणाली. मी आठ म्हटलं. ती नुसती बघत राहिली. मग मी पाच म्हटलं. या वयात मुलांना भारी कुतूहल असतं.

मग विचारलं, काकू कधी येणार? मी म्हटलं, माहीत नाही. तर म्हणे, तुम्ही विचारलं नाही का? मी तिला समजावलं की तीस वर्षांच्या संसारात अशा गोष्टी विचाराव्या लागत नाहीत. तेही तिनं लिहून घेतलं. पुढे तिच्या संसारात उपयोगी पडेल.

२० सप्टेंबर, रविवार
हिचा फोन. चार मिनिटं. नातीनं फोनवर मला आजोबा म्हटलं. ही म्हणाली, ती फ्रिजलाही तसंच म्हणते.

आज विचारणारच होतो. पण मागे नात रडायला लागली, हिची धांदल, जावयाचं काहीतरी हरवलं होतं. अशा वेळी माणसानं समजून घ्यावं. मीच आधी फोन ठेवला. मग बराच वेळ हॉलमध्ये बसून होतो. करमत नव्हतं. हवा बदलली आहे, त्यामुळे असेल.

२३ सप्टेंबर
४१३ आली नाही. एक तास दहा मिनिटं थांबलो. तिच्यासाठी घेतलेलं सँडविच मीच खाल्लं. अन्न वाया घालवणं मला पटत नाही.

३० सप्टेंबर
आली. म्हणाली, मागच्या वेळीच सांगितलं होतं की परीक्षा आहे. सांगितलंही असेल. मी तेव्हा बोलत होतो.

तिला चार मैत्रिणी झाल्यात. रविवारी सगळ्या मिळून फिरायला जाणार आहेत. मला मनापासून आनंद झाला. खरोखर झाला. घरी लांबच्या रस्त्यानं चालत गेलो, व्यायाम म्हणून.

१४ ऑक्टोबर
आली नाही. मी सूप घेतलं. सूप बरं असतं इथलं.

२८ ऑक्टोबर
४१३ म्हणाली की आजची भेट शेवटची. तिचं झालं. मनापासून आभार मानले. सर, कुणाशी तरी बोलत राहा, असंही म्हणाली. वयाच्या मानानं पोक्त आहे पोर.

निष्कर्ष: विद्यार्थिनी आता पूर्णपणे स्वतःच्या पायांवर उभी. माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीतलं सर्वांत मोठं यश. पेढे वाटावेत असं वाटलं, पण ऑफिसात सगळे निघून गेले होते.

४ नोव्हेंबर, बुधवार
कँटीनला गेलो. सूपसाठी.

पलीकडच्या टेबलावर ती आणि तिच्या चार मैत्रिणी. तिनं हात केला. मी फोनमध्ये डोकं घातलं, कारण महत्त्वाचं काम होतं. फोन बंद होता.

१८ नोव्हेंबर, दुपारी ४
समाजकार्य विभागाचे प्रकल्प अहवाल माझ्या सहीला आले. दर वर्षी येतात. पहिल्या वर्षाच्या प्रत्येकानं सत्रभर एका एकट्या पडलेल्या माणसाला भेटायचं, त्याला सोबत करायची आणि निरीक्षणं लिहायची. मी कधी वाचत नाही. दहापैकी सात देतो आणि सही करतो. आज क्लार्कबाईंनी एक अहवाल वेगळा काढून अगदी वर ठेवला आणि स्वतः लवकर घरी गेल्या.

व्यक्ती: पुरुष, वय ५४, नोकरदार. पहिल्या भेटीत उद्देश सांगून लेखी संमती घेतली. व्यक्तीनं उद्देश ऐकला असेल असं वाटत नाही. पुन्हा दोनदा सांगायचा प्रयत्न केला.

म्हणजे सोबत ती करत होती. मला.

सगळं आहे त्यात. पातेलं, फ्रिज, झोपेला दहापैकी पाच. कुठेही हसलेली नाही. एके ठिकाणी लिहिलंय की व्यक्ती स्वभावानं प्रेमळ आहे. ते दोनदा वाचलं.

भेटी नऊ लिहिल्यात. माझ्या हिशेबानं अकरा. दोनदा ती नव्हती, पण मी होतो.

शेवटचं वाक्य: पत्नी परत कधी येणार हे व्यक्ती विचारत नाही, कारण उत्तर काय येईल ते व्यक्तीला ठाऊक आहे.

हे मात्र अती झालं. हे तिला कुणी सांगितलं? मी तर नाही. हे निरीक्षण नव्हे, अंदाज आहे, आणि अहवालात अंदाज चालत नाहीत. कडक शेरा मारला. एक गुण कापला. दहापैकी नऊ.

१८ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
हिला फोन लावला. विचारलं.

ही मग म्हणाली, अहो, तुम्ही विचारलंत तर! मी म्हटलं, सहज. ती म्हणाली, इथे बरं वाटतंय मला. माणसं असतात घरात, कुणी ना कुणी माझं ऐकतं. मी म्हटलं, बरोबर आहे. जेवून घ्या म्हणाली आणि फोन ठेवला.

जेवलो नाही.

१९ नोव्हेंबर, सकाळी ९.०५
शेरा खोडला. ४१३ ला दहापैकी दहा.