प्राचीच्या गाठीवरचं तेल

विभावरी,

झाडाला मिठी मारून गाठ जिरते, हे माझ्या पोरीच्या डोक्यात तूच भरवलंस. इथे न्यूझीलंडात, टौरंगात वड नाही, म्हणून वटपौर्णिमेला पोहुटुकावाच्या झाडाला दोरा मीही गुंडाळते. पण म्हणून कुणाचं औषध बंद केलं नाही! तुझ्या त्या बायकांच्या मंडळात झाड म्हणजे देवी आणि तेल म्हणजे डॉक्टर. प्राची छातीवरच्या गाठीला लोबानाचं तेल चोळते. गाठ लिंबाएवढी झालीय. बोलले की म्हणते, "मम्मी, ट्रस्ट मावशी." तुला बोल लावला तर घर सोडीन म्हणते, म्हणून हे पत्र पेटीत टाकायला धजत नव्हते, तरी टाकतेय.

शुक्रवारी ऑपरेशन आहे. ती जात नाही म्हणते. ती फक्त तुझंच ऐकते. ऑपरेशनला जा असं तिला सांगणार आहेस की नाही, गुरुवारपर्यंत मला कळव.

शकु