बाबांना हवी असलेली खोली

९ फेब्रुवारी, रत्नागिरी

दिवाळीनंतर इथे एक ओळ लिहिलेली नाही, त्याबद्दल वहीची माफी. आज मात्र लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

जूनमध्ये, आंबा आटोपला की, भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर जायचं मी आणि ह्यांनी ठरवलंय. बाबांना न्यायचंच, हा हट्ट माझा. उभा जन्म त्यांनी मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये काढला. नेपल्सला, जिनोआला कितीदा गेले, पण बंदर लागलं की बाबांचं इंजिन दुरुस्त करणं सुरू. पाहिलं काहीच नाही. तरी महिनाभर ते ‘नको’च म्हणत होते. ही हौस खरं तर माझीच का? त्यांना उगाच ओढतेय का?

आज जेवताना बाबांना फोनवर बोटीच्या वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीवाल्या खोलीचा फोटो दाखवला.

“समुद्र बघायला बाल्कनी कशाला गो? आपल्या पडवीतून काय दिसतं मग?”

“बरं, नाही येत म्हणून स्पष्ट सांगा.”

ते बांगड्याचे काटे काढत राहिले. मग हळूच म्हणाले, “एवढ्या वरती मला झोप लागायची नाय. बोटीवर इंजिन ऐकू आलं नाय की दचकून उठतो. वाटतं, बोट बंद पडली.”

म्हणजे अडचण एवढीच! यायचं तर होतंच! ह्यांना हसता हसता ठसका लागला. बाबांनी वर बजावलं, “पण कोणी हाक मारली तरी मी कामाला जायचा नाय हां. पॅसेंजर आहे मी!”

उद्या: एजंटला फोन करून बाबांसाठी सगळ्यात खालची, इंजिनाजवळची खोली मागणे.