गव्हर्नरचा उपास

३ फेब्रुवारी, सोमवार
लोइस आज तिच्या आईला घेऊन मिनियापोलिसला गेली. सासूबाईंच्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन, मग तिथेच चालायचे व्यायाम. तीन-साडेतीन आठवडे. तोवर डुलुथचं घर, दारातला बर्फ आणि गव्हर्नर, तिन्ही माझ्या ताब्यात.

गव्हर्नर म्हणजे सासूबाईंचा गिनी पिग. वजन किलोभर, रुबाब नावाला शोभेलसा.

सासूबाई गाडीची काच खाली करून म्हणाल्या, "हार्लन, गवत. रोज मूठ मूठ वाळलेलं गवत. बाकी काही विसरलास तरी चालेल." मग लोइसला, मला नीट ऐकू जाईल अशा हळू आवाजात, "ग्रेटाकडेच ठेवायला हवं होतं त्याला." ग्रेटा हॉगन आमची शेजारीण. शाळेच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाकीण होती.

एकतीस वर्षं मी या शहरातल्या लिफ्ट तपासल्या. माझ्या सहीशिवाय माणसं वर जात नव्हती. किलोभर जनावर म्हणजे काय मोठं!

५ फेब्रुवारी
गवत घातलं. मला अकरा शिंका. काड्या फ्रीजखालपर्यंत.

शांतपणे विचार केला. वाळलेल्या गवतात राहतंच काय? सगळा कस उन्हात गेलेला. आजपासून शास्त्रशुद्ध आहार: लेट्यूस, गाजर, सफरचंद, खारी क्रॅकर बिस्किटं. गव्हर्नर तुटून पडला. एवढी वर्षं बिचाऱ्याला कोणी विचारलंच नव्हतं.

सासूबाईंचा फोन. ऑपरेशन छान झालं. "गवत आहे ना?" म्हणाल्या. भरपूर आहे म्हणालो. ते खरंच आहे. गॅरेजमध्ये पोतंभर.

११ फेब्रुवारी
गव्हर्नर आणि मी, दोघंही मजेत. रात्रीचं जेवण क्रॅकर आणि टीव्हीवरची हॉकी. संकल्प: उद्यापासून मी रीतसर स्वयंपाक करणार.

१७ फेब्रुवारी
ग्रेटा भांडंभर हॉटडिश घेऊन आली, मांस-भाज्या घालून भट्टीत भाजलेलं. वर बटाट्याचा कुरकुरीत थर. (संकल्पाला अजून सुरुवात नाही, म्हणून ठेवून घेतलं.) पिंजऱ्यात वाकून म्हणाली, "गवत कुठंय?"
नव्या पद्धतीत गवत नसतं म्हणालो.
"कुणाची रे ही नवी पद्धत?"
मी बर्फाचा विषय काढला.

२२ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ
गव्हर्नरने गाजर घेतलं, तोंडात धरलं, टाकलं. पुन्हा घेतलं, पुन्हा टाकलं. हनुवटी ओली. निदान: नखरे.

दुपार
सफरचंदही नाही. नवं निदान: पोट हलकं ठेवतोय. जनावरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. ढवळाढवळ करायची नाही.

संध्याकाळ
सासूबाईंचा फोन. "जेवला का?"
बोटं चाटत जेवला म्हणालो.
"त्याला बोटं चाटता येत नाहीत, हार्लन." आवाज तुटतोय म्हणून मी फोन ठेवला.

२३ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ७
काही खाल्लेलं नाही. पिंजरा मात्र लख्ख, एक लेंडी नाही. तीन आठवड्यांत पहिल्यांदा साफ करावा लागला नाही. क्षणभर बरं वाटलं.

९.३०
उलगडा झाला! सासूबाईंची आठवण येतेय. त्यांचा नाताळातला फोटो पिंजऱ्याला टेकवून ठेवला. गव्हर्नरने भिंतीकडे तोंड केलं. मी समजू शकतो.

१०.४५
खाण्याची गोडी लागावी म्हणून त्याच्यासमोर बसून कडाकडा गाजरं खाल्ली. तीन. त्याने पाहिलंही नाही. केस फुलवून, डोळे अर्धे मिटून बसलाय. हात घातला तर चावला नाही. हा मला नेहमी चावतो.
हे मला आवडलं नाही.

११.२०
ग्रेटा भांडं न्यायला आली. गव्हर्नर उपास करतोय म्हणालो.
"गिनी पिग उपास करत नाहीत, हार्लन. मरतात." एवढं बोलून तिने माझा कोट माझ्या अंगावर फेकला आणि गव्हर्नरला टॉवेलात गुंडाळलं. रविवारी उघडा असलेला जनावरांचा दवाखानाही तिलाच ठाऊक होता.

दुपारी १.३०, दवाखान्याची बाकं
डॉ. पाल्मक्विस्ट. वयाने फारच लहान. किती वेळ खाल्लं नाही, असं तिने विचारलं. सकाळपासून, म्हणालो. ग्रेटाने माझ्याकडे पाहिलं. काल सकाळपासून, म्हणालो.

तिने गव्हर्नरचं तोंड उघडून आत दिवा धरला. म्हणाली, याच्या दाढा जन्मभर वाढत राहतात, गवत चावून चावूनच झिजतात. गवत नाही म्हणून त्या वाढल्या, टोकदार झाल्या आणि जिभेत रुतल्या. त्याला भूक होती. खाता येत नव्हतं. आता पोटही थांबत आलंय. "यांनी अर्धा दिवस खाल्लं नाही ना, की त्याच दिवशी आणायचं. वाट बघायची नाही."

मी तिला सांगितलं, मी सरकारी निरीक्षक होतो, निरीक्षण चालूच होतं.
"लिफ्टमध्ये माणूस अडकला तर दुसऱ्या दिवसापर्यंत निरीक्षणच करायचात?"
प्रश्न गैरलागू होता.

दाढा घासायला भूल द्यावी लागणार. त्यातून उठेलच असं नाही, म्हणाली. मालकिणीला विचारा.

फोन लावला. सगळं सांगितलं. गवताचं, पोत्याचं, बोटांचंसुद्धा. सासूबाई ओरडतील म्हणून फोन कानापासून लांब धरला होता. त्या ओरडल्या नाहीत. जवळ आणला तेव्हा ऐकू आलं, "दुखत असेल का रे त्याला फार?" सव्वीस वर्षांत मी त्यांचा हा आवाज ऐकला नव्हता.

हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "मग कर म्हणावं काय ते."

नंतर थोडा वेळ गाडीत बसून होतो. इंजिन गार पडू नये म्हणून.

२४ फेब्रुवारी
उठला! घरी आणला. आता दर तीन तासांनी गवताच्या भुकटीची पेज सिरिंजने पाजायची. पहिली सिरिंज माझ्या शर्टावर. दुसऱ्या वेळी अंगठ्याला चावला. शुभलक्षण.

ग्रेटाने दाखवलं: समोरून नाही, गालाच्या बाजूने, थेंब थेंब. तो चावून गिळेपर्यंत थांबायचं. हे मी जवळजवळ ओळखलंच होतं.

२६ फेब्रुवारी, सकाळी १०.१५
त्याने गवताची एक काडी स्वतः ओढली. चावली. मी श्वास रोखून उभा. दुसरी ओढली. शिंक येत होती, नाक दाबून धरलं.

दुपारी चार लेंड्या. लगेच फोन केला. लोइस हसता हसता रडायला लागली. सासूबाईंनी तिच्या हातातून फोन घेतला. "चार? आकार कसा आहे?" मी सविस्तर सांगितलं. आमच्यातलं आजवरचं सर्वांत मोठं संभाषण.

१ मार्च, शनिवार
दोघी परत. सासूबाई वॉकर टेकत, कोटसुद्धा न काढता पिंजऱ्याकडे गेल्या. गव्हर्नरने जोरात शीळ घातली. मी त्यांच्या मागेच उभा होतो, तेव्हा ती कुणासाठी होती हे सांगणं कठीण.

जेवताना कळलं, मे महिन्यात डावा खुबा. मी घसा साफ करून म्हणालो, आता माझ्या गाठीला अनुभव आहे, गव्हर्नरची काळजी नको. लोइस बशीतले वाटाणे मोजायला लागली.

"तेव्हा तो ग्रेटाकडे राहणार आहे," सासूबाई म्हणाल्या. "ठरलंय."
उत्तम, म्हणालो. मलाही जरा मोकळीक मिळेल.
"तुझं जेवणही तिकडेच सांगितलंय. दोन्ही वेळचं."
"आई, हे नंतर सांगायचं ठरलं होतं ना!" लोइस म्हणाली.

गव्हर्नरला ग्रेटा लगेच हो म्हणाली. माझं दोन दिवसांत विचार करून कळवते म्हणालीय.