तळणीचे मोदक आणि महासंघ

६ फेब्रुवारी १९९८, शुक्रवार

तळणीचे मोदक बंद होणार म्हणे! महासंघ बंद करणार! आज शाळेच्या हॉलमध्ये माइक हातात धरून माझ्या नवऱ्यानं हे जाहीर केलं आणि भरल्या सभागृहात एकालाही हसू आलं नाही.

"मस्कतला बसून ते ठरवणार, शारजात बाप्पाला काय दाखवायचं!" — शैलेंद्र. टाळ्या. मागून कुणी शिट्टीही मारली. पन्नाशी उलटलेली माणसं — आणि शिट्ट्या!

तर आमचं शारजाचं 'किनारा' मंडळ आखाती मराठी महासंघातून बाहेर पडायचं म्हणतंय. मस्कत, बहारीन, दोहा, कुवेत आणि आम्ही. सहा वर्षांपूर्वी केवढ्या हौसेनं एकत्र आलो होतो! बहारीनहून नाटकाची मंडळी आली, ती आमच्याच घरी गाद्या घालून झोपली. सकाळी चहाला एकवीस कप कुठून आणायचे म्हणून मी वाट्यांतून चहा दिला होता. वाटीतला चहा पिऊन कुणी रुसलं नाही.

आता म्हणे आमचा स्वाभिमान जागा झालाय. वीस मार्चला मतदान. 'बाहेर पडा'वाल्यांचा पुढारी आत्ता आतल्या खोलीत, पोटभर जेवून, दुपारचा घोरतोय.

७ फेब्रुवारी

सकाळी विचारलंच.

"महासंघाचं पत्रक मी वाचलंय. त्यात बंदी कुठे आहे? उकडीच्या मोदकांची स्पर्धा आहे. तळणीच्या मोदकांचं नावसुद्धा नाही."

"मला माहीत आहे," शैलेंद्र म्हणाला.

"मग?"

"लोकांना कुठे माहीत आहे?"

टोस्टला लोणी लावत म्हणाला. चक्क लोणी लावत!

हाच माणूस कॉलेजात असताना पेपरात दोन मार्क चुकून जास्त पडले म्हणून प्राध्यापकांच्या घरी गेला होता, कमी करून घ्यायला. पावणेसहा फूट उंच, कानापर्यंत लाल झालेला. त्यावरच तर मी भाळले. त्या मुलाचं पुढे काय झालं, कोण जाणे.

१० फेब्रुवारी

अंकुरला म्हटलं, "तुझे बाबा खोटं बोलतायत." चोवीस वर्षांचा घोडा, बँकेत नोकरी करतो. टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाला, "आई, रिलॅक्स. एव्हरीबडी डझ इट. इट्स जस्ट अ क्लब."

मोठ्यांनी क्लबात खोटं बोलायचं, मग देशात कुणी बोललं की पेपर वाचून हळहळायचं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

हमीदाचा मराठीचा वर्ग होता. मी मागे बसून ऐकते — मला आवडतं. रत्नागिरीकडे गावच्या शाळेत बारा वर्षं शिकवलंय तिनं. इथली आमची पोरं 'ळ' म्हणायला तयार नाहीत. ती त्यांना सारखं "फळा, बाळा, पळा, खेळा" म्हणायला लावते आणि स्वतःच हसून लोळते. मंजुषाचा मुलगा सिद्धांत दोन वर्षांपूर्वी मराठीत स्वतःचं नाव लिहू शकत नव्हता. आज त्यानं आजोबांना अख्खं पत्र लिहिलं, 'तीर्थरूप' पासून.

वर्गानंतर मंजुषा आली, मंडळाच्या जेवणाचं वाटप करायला. प्रत्येकीनं एकेक पदार्थ करून आणायचा, ही आमची पद्धत. मला मसालेभात. कुणाला कोशिंबीर, कुणाला बटाटेवडे.

"आणि हमीदा, तुम्ही नेहमीसारखं पेप्सी आणि कागदी बशा आणा हं! तुम्हाला त्रास नको."

"नेहमीसारखं," हमीदा म्हणाली.

खाली उतरताना तिनं मला विचारलं, "वहिनी, महासंघाचा नियम नसता, तर मला बोलावलं असतं का हो मंडळात?"

"काहीतरीच काय!" मी म्हटलं.

ती हसली. "असू दे. रफिक कामावरून, खोर फक्कानहून, निघाले असतील, जाते."

१९ फेब्रुवारी

दुबईला, करामातल्या उडप्याकडे 'बाहेर पडा'वाल्यांची बैठक. बायकाही आल्या होत्या, म्हणून मीही. सगळ्यांचा उत्साह काय वर्णावा! एकानं महासंघाला 'परकी सत्ता' म्हटलं. परकी! मस्कतचे अध्यक्ष सांगलीचे आहेत, हळद विकायचे. फलक छापायचे ठरले — चाळीस दिरहमला एक. "म्हणजे सव्वाचारशे रुपये!" सगळे मिळून हळहळले. आणि तरी सहा छापायचे ठरले, कारण स्वाभिमान.

मग कॉफी आल्यावर खरी गोष्ट निघाली. महासंघाचा एकच नियम यांना टोचतोय: ज्याची मातृभाषा मराठी, तो सभासद. त्याआधी आमच्याकडे दोन जुन्या सभासदांची शिफारस लागायची. महासंघातून बाहेर पडलो की ती अट परत येणार आणि नव्या नियमानं आत आलेल्यांना पुन्हा शिफारस आणावी लागणार. नव्या नियमानं आत आलेले म्हणजे हमीदा, तिचा नवरा रफिक आणि त्यांची मुलगी अलिशा. दुसरं कोणी नाही.

"पण हे फलकावर का लिहीत नाही?" मी विचारलं.

मंजुषा माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मी कॉफीत मीठ घातलंय. "अहो, सगळं बोलून कशाला दाखवायचं? सगळ्यांना कळतं."

"तुमचा सिद्धांत तीर्थरूप लिहायला शिकला तो कुणामुळे?"

"त्या चांगल्याच आहेत हो! वाईट कोण म्हणतंय? शिकवू द्या की त्यांना, शिकवायला सभासदत्व कशाला लागतं?"

शैलेंद्र त्या वेळी बिल बघत होता. फार वेळ बघत होता.

२४ फेब्रुवारी

बाहेर पडणाऱ्यांचा तिरस्कार करायला मी एकटी पुरते. पण राहणाऱ्यांचं काय!

आमचे अध्यक्ष दौलतराव 'महासंघात राहा' म्हणतात. आज घरी आले — शैलेंद्र ऑफिसात असताना, मुद्दाम. सोफ्यावर बसून म्हणाले, "वहिनी, बाहेर पडलो तर पुढच्या वर्षी आपल्याला हॉल मिळणार नाही. व्हिसालासुद्धा अडचण येऊ शकते."

"व्हिसाला? मस्कतच्या हळदवाल्यांमुळे?"

ते जरा खोकले. "लोकांना भीती वाटली पाहिजे ना."

"त्यापेक्षा खरं सांगा ना. हमीदाच्या कुटुंबाला बाहेर काढायला हे सगळं चाललंय, असं सांगा."

"छे छे! तो विषय अजिबात काढायचा नाही. तो काढला तर आपण हरू!"

दोन बिस्किटं खाल्ली, तिसरं रुमालात बांधून नेलं. राहा म्हणणारे मोदकाऐवजी व्हिसा सांगतात, एवढाच काय तो फरक.

३ मार्च

फलक लागले. 'आपला बाप्पा, आपला मोदक!' 'बाप्पा'चा 'बाष्पा' छापलाय, पोटफोड्या 'ष' घालून. मराठी वाचवायला निघालेत.

८ मार्च

आज सिस्टर इमेल्डाची फार आठवण आली. नाशिकच्या कॉन्व्हेंटात वादविवाद तिच्याकडे असायचा. बुटकी, आयरिश, चष्म्याला दोरी. आम्ही व्यासपीठावर हातवारे करत असायचो आणि ती मागच्या बाकावरून तिच्या मोडक्या मराठीत ओरडायची, "खरा आहे का, बाळ? की नुसता चांगला वाटते?" सगळा आवेश एका क्षणात उतरायचा. एकदा मी रडले होते. तिनं मला स्वयंपाकघरात नेऊन गरम दूध दिलं आणि म्हणाली, आता परत जा आणि खरं कारण सांग. मी गेले. हरले. पण तिनं चॉकलेट मला दिलं, जिंकलेल्या मुलीला नाही. निळ्या कागदातलं. तो कागद कितीतरी वर्षं माझ्या पुस्तकात होता.

कुठे असेल ती? गेलीच असणार.

१३ मार्च, शुक्रवार

हमीदाला विचारलं, मतदानाला येणार ना? नाहीतर ती रागावून घरीच बसायची, अशी मला धास्ती.

"येणार तर! दौलतरावांचा निरोप आलाय ना. तिघंही या म्हणाले, पण मागे बसा. पुढे दिसलात तर आपली मतं फुटतील म्हणाले." आणि हसायला लागली. "अलिशा म्हणते, मम्मी, दे वाँट अवर व्होट्स, नॉट अवर फेसेस."

"मग येऊच नको!"

"असं कसं, वहिनी? मत आहे तर द्यायला नको?"

तिनं मला डबा दिला. सांदणं — तांदळाची, गोड, नारळाच्या दुधातली, तिच्या सासूच्या हातची रीत. मी गाडीतच तीन खाल्ली. इतकी मऊ! सहा वर्षांत मंडळाच्या टेबलावर ही कधी आली नाहीत. मंजुषाला कधी सुचलं नाही.

१९ मार्च

शैलेंद्र आरशासमोर भाषण म्हणतोय. "ही आपल्या अस्मितेची लढाई आहे." अस्मिता म्हणताना पोट आत घेतो.

२० मार्च, शुक्रवार

घरी आल्या आल्या लिहायला बसले.

हॉल भरलेला. दौलतराव व्हिसावर बोलले. शैलेंद्र मोदकांवर बोलला. मग प्रश्नोत्तरं. "तळणीच्या मोदकात गूळ चालेल का?" असा एक प्रश्न आला. त्यावर दोन्ही पक्ष पाच मिनिटं बोलले! हमीदा, रफिक, अलिशा — तिघंही अगदी मागच्या रांगेत, पंख्याखाली. सांगितलं होतं तिथंच.

माझ्या मागे सिस्टर इमेल्डा उभी आहे असं वाटलं, खरंच. मी उठले. माइक मागितला नाही, मला आवाज आहे.

"शैलेंद्र, मोदक राहू दे. शिफारशीची अट परत आली की या हॉलमधून कोण बाहेर जाणार, तेवढं फक्त सांग."

शैलेंद्र माइकमध्ये हसला आणि म्हणाला, "माय वाइफ इज अ लिटल इमोशनल टुडे." हशा पिकला. पिकलाच! दौलतराव पुढच्या रांगेतून वळून पुटपुटले, "वहिनी, बसा हो, बसा, घात करताय."

चौतीस वर्षांचा संसार. लोकांसमोर असा, परक्या भाषेत, परक्यासारखा. दोन मार्क परत करायला गेलेला मुलगा तिथे त्या माइकमागे कुठेच नव्हता.

पण मी विचारलं! सिस्टर, मी एकटीनं विचारलं. मी मागे वळून हमीदाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. मान हलवली नाही, हसली नाही. डोळ्यांत पाणी असेल, लांबून दिसलं नाही.

तीन मतांनी हरलो. 'किनारा' बाहेर पडलं. मंजुषानं पेढे वाटले. आधीच आणून ठेवले होते!

२१ मार्च

शैलेंद्र म्हणाला, "तू मला तोंडघशी पाडलंस."

मी म्हटलं, "तुला तोंड होतं?"

बोलणं बंद. खलास.

२४ मार्च

अंकुरला काय वाटलं कोण जाणे, रात्री जेवताना मान खाली घालून मराठीत म्हणाला, "आई, तू बरोबर होतीस." उच्चार वाईट. पण मराठीत! शैलेंद्रनं वरणाची वाटी स्वतःच उचलून स्वयंपाकघरात नेली. एवढी वर्षं कधी नेली नव्हती.

हमीदाचा फोन नाही. मी तीनदा केला, उचलत नाही. बिचारी. मतदानानं खचलेली दिसते. शिफारशीच्या अर्जावर मी सही करून ठेवली आहे, दुसरी सही शैलेंद्रकडून घेणारच. बघते कसा देत नाही!

२७ मार्च, शुक्रवार

फोन आला.

मी अर्जाचं सांगायला लागले. तिनं मधेच थांबवलं. "वहिनी, ती तीन मतं आमची."

मला कळेना. म्हटलं, कुठली?

"बाहेर पडायला दिली आम्ही. रफिक, अलिशा, मी. नियमानं आत आले, नियमानं बशा आणल्या, नियमानं मागे बसले. आता नियम नाही. आता कुणी बोलावलं तर कळेल तरी, मलाच बोलावलंय."

मी सही केलेला अर्ज उलटा करून ठेवला.

"एकानं मोदक म्हटलं, एकानं व्हिसा. तुम्ही उठलात तेव्हा वाटलं, आता तरी आमचं नाव घेतील. पण तुम्हीसुद्धा 'कोण जाणार' म्हणालात, वहिनी. हमीदा नाही म्हणालात."

खिडकीतून समोरच्या इमारतीवरचे डिश अँटेना दिसत होते, सगळे एकाच दिशेला तोंड केलेले. मी म्हटलं, "उद्या पाडवा आहे. जेवायला या. तिघंही. मंडळाचं नाही, माझ्या घरी."

"येतो की," हमीदा म्हणाली. "काय आणू? पेप्सी?"

"सांदणं आण," मी म्हटलं. पाडव्याचं पान डोळ्यांसमोर आलं आणि म्हणायला क्षणभर उशीर झाला. तिला तो उशीर ऐकू गेला.