बाबांची बावीस इंची सायकल

रवि. २ नोव्हें. लातूर
नांदेडहून सकाळच्या एसटीने आले. अहमदपूरपर्यंत उभी. आठवडाभराच्या ड्युटीनंतर हा प्रवास आता अंगावर येतो. चप्पल काढते न काढते तोच दादाचा पुण्याहून फोन. बाबांची सायकल खटारा झाली, नवी गिअरची, हलकी मागवतो म्हणे. बाबा शेजारून मोठ्यानं, "हिला काय धाड भरली? दुरुस्त करून घेऊ."
दादा : "मग सायकल सोडा, इकडं या राहायला. एकटं किती दिवस काढणार?"
बाबा : "रोज सायकलवर विहारात जाऊन येतो मी. ज्या दिवशी न्हाई जमलं, त्या दिवशी येतो."
आई गेल्यापासून दर फोनला हेच. म्हणजे सायकल आहे तोवर लातूर, नाहीतर पुणे.
जुनी दुरुस्त करायची की नवी घ्यायची, ते तू बघून सांग म्हणाला. मीच का? तर मी जवळ आहे म्हणून. नांदेड जवळ म्हणायचं.

मंगळ. ४ नोव्हें. नांदेड
वॉर्ड भरलेला. जेवण चार वाजता. मोबाइलवर दादाचे फोटो येऊन पडलेले, एकाहून एक झकपक सायकली. एकीलाही कॅरिअर नाही की स्टँड नाही. भाजीची पिशवी कुठं अडकवायची? ह्यांना विचारलं तर, "घेऊन टाका नवी." ह्यांना विचारूच नये.
पाठ भरून आलीय.

रवि. ९ नोव्हें. लातूर
दुपारी बाबांचा डोळा लागला तशी सायकल बाहेर काढली. चौकातल्या सायकलवाल्या चाचांना दाखवून आणू म्हटलं. हिच्याच दांडीवर बसून बाबांच्या शाळेत गेले, हिच्यावरच शिकले. टांग टाकली, तर पायडल हलेना. साखळी गंजून एकजीव झालेली. चाकांत हवा मात्र टंच. उतरून ढकलली तर मुकाट चालली.
चाचांनी उलटी करून पाहिली. "साखळी, फ्रीव्हील, ब्रेक, टायर, समदंच टाकावं लागतंय बेटा. नाकापेक्षा मोती जड व्हायचा."
"पण बाबा रोज चालवतात ना."
चाचा फडक्याला हात पुसत राहिले. मग, "गुरुजींना इचारा. मंग बघू."
घरी येऊन विचारलं. बाबा म्हणाले, "कालपरवा जाम झाली असंल." आणि पेपर उघडला. असला गंज कालपरवाचा असतो होय?

शनि. १५ नोव्हें. लातूर
या वेळी शनिवारीच निघाले. न कळवता. उतरले तेव्हा दिवस कलला होता. रिक्षा विहाराच्या रस्त्याला वळली आणि समोर बाबा. सायकलवर नाही. सायकल धरून चालत. एक हात हँडलवर, दुसरा सीटवर, सगळा भार तिच्यावर टाकून. चार पावलं, थांबायचं. परत चार पावलं.
रिक्षावाला म्हणाला, "गुरुजींची सायकल रोजच पंक्चर असती बगा. आमी इचारतोत, पंक्चर का गुरुजी? ते म्हणतेत, हाव." हसला नाही तो. बाबा माझे, हे त्याला माहीत नव्हतं.
थांबवू नका म्हणाले मी, पुढं घ्या.
दिवसभर लोकांना वॉकर धरायला शिकवते मी. रिक्षात तोंडावर ओढणी धरून रडले.
बाबा मागून आले. सायकल भिंतीला लावली, घाम पुसला. "आलीस? आत्ताच चक्कर मारून आलो." मी चहा टाकला.

रवि. १६ नोव्हें. लातूर
जेवताना धीर केला. "बाबा, काठी आणू का एक?"
घास हातातच राहिला. "काठी दिसली, की तुझा दादा गाडी घेऊन दारात." जरा वेळानं, "वरण वाढ."
मला कळलंय हे त्यांना कळलं. मी वरण वाढलं.
दादाचं तरी काय चुकलं? जीव आहे म्हणूनच म्हणतो. वहिनीही काही वाईट नाही. पण तिथं सातवा मजला. इथं गल्लीतली बारकी पोरं "जय भीम गुरुजी" करतात, त्याला उत्तर देत देत बाबांची संध्याकाळ जाते. ती पुण्याला कशी न्यायची?
आणि पडले तर? खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी माणसं रोज बघते. मग दादाला कुठल्या तोंडानं सांगू, की मला ठाऊक होतं?
नवी हलकी तर अजिबात नको. रेलले की तीच आधी आडवी होईल.

बुध. १९ नोव्हें. नांदेड
दादा : "काय ठरलं? सेल संपत आलाय."
बघते म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची, खरं आहे. पण मुठीत बाप आहे माझा. दोन दिवस धड झोप नाही.

रवि. २३ नोव्हें. लातूर
सायकल चाचांकडे नेली. दोन्ही ब्रेक नवे, टायर नवे, मुठी नव्या, स्टँड मजबूत.
"आन् साखळी?"
"राहू द्या."
त्यांनी मान हलवली. "ब्रेक कडक करतो. दाबून धरला की जागची हलायची न्हाई." म्हणजे यांनाही ठाऊक. सगळ्या गल्लीला ठाऊक, पोटच्या दोघांनाच नाही.
परत येताना पाठ धरली. कधी हँडलवर रेलले, कळलं नाही. बरं वाटलं. लई बरं वाटलं. तशीच निघाले, एक हात हँडलवर, एक सीटवर.
विहारापाशी एका बाईनं विचारलं, "पंक्चर का ताई?"
"हाव," म्हणाले.
पर्समध्ये दादाचा फोन वाजत होता. दोन्ही हात सायकलला. घरी गेल्यावर करू म्हटलं. अजून केला नाही.