वंदनाच्या चुका

३ फेब्रु., सोम.
वंदनाला इन्चार्ज केलं. वंदनाला! तिला विदर्भातून सुरतेला येऊन सहा वर्षं झाली. मला या युनिटमध्ये साड्यांच्या घड्या घालायला लागून चौदा. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, तीन आठवडे बघू, मग पक्कं करू. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काय करणार.
डिंडोलीला घरी पोचले तर यांनी लगेच ओळखलं. "काय व्हयनं वं?" म्हटलं, डोकं दुखतंय.
ठरवलं. तिच्या चुका रोज इथं लिहायच्या. वेळ आली की शेठना एकेक ऐकवीन.

४ फेब्रु.
चूक पहिली. दहा मिनिटं आधी येते आणि स्वतः कात्र्या वाटते, दिवे लावते. इन्चार्ज बाईने कात्र्या वाटायच्या? काही आब असतो की नाही?
चूक दुसरी. हाक मारत नाही. काही सांगायचं तर अख्खा हॉल चालत त्या बाईपर्यंत जाते आणि हळू आवाजात सांगते. वेळेचा सत्यानाश. मी असते तर जागेवरून एक आवाज टाकला असता.

७ फेब्रु., शुक्र.
जेवायच्या सुट्टीत रोज वेगळ्या टेबलाला डबा उघडते. आज आमच्यात आली. माझी कळण्याची भाकरी मागून खाल्ली. वर, "कशी करता वं ताई? मले शिकवा ना." शिकवते बरं! पण सांगितलंच सगळं, ज्वारी किती, उडीद किती. माझ्या तोंडाला कुलूप का लागत नाही देव जाणे.
रेखाची आई दवाखान्यात आहे हे वंदना (पुढे नुसतं वं.) बोलली तेव्हा मला कळलं. रेखा चार वर्षं माझ्या शेजारी बसते.

११ फेब्रु., मंगळ.
आज गुपचूप करून पाहिलं. वं.सारखीच रेखाजवळ गेले, हळू आवाजात विचारलं, "बरं आहे ना गं सगळं?" ती दचकलीच. "काय चुकलं ताई?" म्हणाली आणि घातलेल्या घड्या उलगडून बघायला लागली.
इतकी का भीती वाटते माझी? आणि वं.ची नाही वाटत? नाटकी आहे ती. पण रोज आठ तास नाटक कोण करेल...

१४ फेब्रु., शुक्र.
पदर वर ठेवून घातलेली नवी घडी शेठना फार आवडली. वं. म्हणाली, "शेठ, ही सुशीलाताईची कल्पना." होतीच माझी. तरी अंगाची आग आग झाली. श्रेय माझं आणि मोठेपणा हिचा! शेठ माझी घडी बघत होते, पण कौतुक सगळं तिच्याकडे बघून चाललं होतं.
हे चुकांत कसं लिहू? लिहिलं नाही.

१७ फेब्रु., सोम.
निघता निघता शेठ दारातून म्हणाले, "वंदनाबेन, पार्सल काले मोकलजो." म्हणजे पार्सल उद्या पाठवा. माझा जन्म इथला, मला लगेच कळलं. वं.ची गुजराती अजून कच्ची. तिने हिंदीतलं 'काले' धरलं आणि काळ्या साड्यांचे गठ्ठे काढायला लावले. त्यांचं तर चेकिंगही झालं नव्हतं.
पण थबकली. चालत माझ्यापर्यंत आली. "ताई, काळ्याच म्हणाले ना शेठ?"
मी म्हटलं, "तू इन्चार्ज. तुला ठाऊक."
एवढंच बोलले. खोटं काही बोलले नाही.
चार वाजता टेम्पो गेला.

१८ फेब्रु., मंगळ.
पार्टी इथल्याच मार्केटमधली, सकाळीच माल उघडला. डाग, लोंबणारे धागे, सगळ्याचे फोटो शेठच्या मोबाइलवर. शेठचा आवाज रस्त्यापर्यंत जात होता. काळा माल कोणी पाठवला?
आता ही सांगणार, मी सुशीलाताईंना विचारलं होतं म्हणून.
वं. उभी राहिली. "चूक माझी, शेठ. मले नीट समजलं नव्हतं. तुमाले फोन करून विचारायला पाहिजे होतं."
बस. संपलं. माझं नाव नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.
परत आलेला माल तपासायला ती थांबली. तिने कोणाला थांब म्हटलं नाही, तरी रेखा थांबली, मग एकेक करत सगळ्याच. मी सहाला निघाले. कोणी 'ताई, चाललात?' असंही विचारलं नाही.

२१ फेब्रु., शुक्र.
शेठनी केबिनमध्ये बोलावलं. सोमवारपासून इन्चार्ज मी. वं. परत घडीच्या टेबलावर.
चौदा वर्षं हे ऐकायची वाट बघत होते. घरी पेढे आणले. यांनी दोन खाल्ले. मी डबा झाकून ठेवला.

२२ फेब्रु., शनि.
सांगून टाकलं एकदाचं. शेठना म्हटलं, त्या दिवशी तिने मला विचारलं होतं, मला माहीत होतं, मी मुद्दाम सांगितलं नाही.
शेठ हसले. "जवा दो ने, सुशीलाबेन. थई गयुं." म्हणजे जाऊ द्या, झालं ते झालं. वर म्हणाले, बाहेर बोलू नका, बायका तुमचं ऐकणार नाहीत.
सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. केबिनचं दार लावून कोणीही कबूल करेल. ती चाळीस बायकांसमोर बोलली आणि तिची तर चूकही अर्धीच होती. बघ, परत तीच! माझी बढती झाली तरी डोक्यात वंदनाच.

२३ फेब्रु., रवि.
उद्या साडेनऊला शेठ सगळ्यांना गोळा करून माझं नाव सांगणार. मग मी दोन शब्द बोलायचे.
दुपारपासून तेच लिहितेय आणि खोडतेय. त्या सोमवारचं वगळलं की भराभर सुचतं, आभारबिभार सगळं. ते घातलं की पहिल्या ओळीतच हात थांबतो. बोलले तर उद्याच इन्चार्ज आणि उद्याच तोंडघशी. नाही बोलले तर रोज तिच्यासमोर उभं राहायचं.
संध्याकाळी वं. घरी आली. मला वाटलं, आली भांडायला. मनातून बरंही वाटलं, पदर खोचूनच दार उघडलं. तर म्हणे अभिनंदन करायला आले. चहा घेतला, यांच्याशी गप्पा मारल्या. त्या दिवसाचा शब्द काढला नाही. मीही नाही.
चपला घालताना म्हणाली, "ताई, उद्या साडी कोणती नेसता?"
टोमणा असेल म्हणून तिचा चेहरा नीट पाहिला. नव्हता. खरंच विचारत होती.
असा राग आला तिचा मला. म्हटलं, अजून ठरवलं नाही.